शाश्वत शेतीचा खर्च दराच्या हिशेबात कोठे धरायचा? (संदर्भ : वाळवा-मिरज भागातील ऊस)

वारणाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील एका गावच्या विकास सोसायटीचा संचालक आहे. आमच्या भागातील सात-आठ सोसायट्या मिळून शेतीधोरणाविषयी एक टिपण तयार करून लोकप्रतिनिधींना देणार आहेत. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून पहिल्याच परिच्छेदाला मी अडलो आहे.

बैठकीत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, एकरी टनेज वाढल्याशिवाय ऊस परवडत नाही, साखरेची गाठ ब्राझीलशी आहे, त्यामुळे खत, पाणी आणि वीज स्वस्तच मिळाली पाहिजे आणि जमिनीचे पुढे पाहता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जमीनच नापीक झाली तर टनेज कशाचे काढणार, म्हणून रासायनिक खतांवर आणि मोकाट पाण्यावर आताच बंधने घाला. दोन्ही भाषणांना टाळ्या पडल्या, आणि पहिल्या भाषणाला टाळ्या देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुसऱ्यालाही दिल्या, हे मी व्यासपीठावरून पाहत होतो.

आमच्या गावाच्या नदीकडच्या शिवारात क्षारपड (क्षार साचून नापीक झालेले रान) दरवर्षी थोडे थोडे वर सरकत आहे. त्याच जमिनीवर आमच्या सोसायटीचे पीककर्ज आहे. उसाला एकरी किती कर्ज द्यायचे याचे प्रमाण ठरलेले असते. जमीन काळी-कसदार आहे की मीठ फुटलेली आहे, हे कर्जाच्या कागदात कोठेच येत नाही. त्यामुळे माझा प्रश्न घोषणांचा नसून हिशेबाचा आहे. पीक बाजारात टिकते की नाही हे मोजताना जमिनीची झीज खर्चात धरायची का? धरली तर तो खर्च शेतकऱ्याने, कारखान्याने, साखर खाणाऱ्याने की सरकारने सोसायचा, आणि धोरणात त्यासाठी कोणती वाट आहे?

‘सेंद्रिय करा’ किंवा ‘ठिबक करा’ एवढेच उत्तर असेल तर ते आम्हाला पाठ आहे. ठिबकसाठी अनुदान घेतलेल्या रानातही नळ्या गुंडाळून बांधावर ठेवलेल्या मी पाहतो. ते का होते, हे कोणी सांगितले तर जास्त उपयोग होईल.

काळं_रान (मिरज तालुका) यांचे उत्तर

दादा, नळ्यांचे विचारलेत म्हणून आधी तेवढे सांगतो. अनुदानाची कमतरता हे त्यामागचे कारण नाही. केंद्राचे आणि राज्याचे मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, आणि उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच घेतला होता. अडचण अशी आहे की, ठिबकला पाणी रोज किंवा एक-दोन दिवसांआड लागते, आणि कालव्याचे किंवा उपसा योजनेचे पाणी येते पाळीने. पाळी पंधरा-वीस दिवसांनी फिरते, कधी त्याहून लांबते. मधल्या दिवसांत नळ्यांत सोडायला पाणी हवे तर स्वतःची विहीर किंवा शेततळे हवे. ते ज्याच्याकडे नाही, त्याने पाळी आली की सरी भरून घ्यायची, कारण पुढची पाळी वेळेवर येईल याचा कोणालाच भरवसा नाही. उंदरांनी नळ्या कुरतडणे, तोडणीच्या वेळी कोयता बसणे, ह्या गोष्टी त्यानंतरच्या.

दुसरे असे की, आमच्या भागात पाणीपट्टी बहुधा पिकावर आणि क्षेत्रावर आकारली जाते. किती पाणी घेतले, यावर नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. म्हणजे मी निम्मे पाणी वाचवले तरी माझ्या खिशात एक रुपया येत नाही, आणि दुप्पट वापरले तरी एक रुपया जात नाही. अशा व्यवस्थेत पाणी वाचवणारा शेतकरी हा सज्जन म्हणायचा, हिशेबी म्हणता येणार नाही.

आता जमिनीचे. आमचे रान कृष्णेपासून दीड किलोमीटरवर आहे, भारी काळी जमीन आहे. वडिलांनी सहकारी उपसा योजनेचे पाणी आल्यावर आडसाली (पावसाळ्यात लावून साधारण दीड वर्षाने तोडायचा) ऊस लावला, त्यानंतर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे पीक), पुन्हा लावण, असे वीस-बावीस वर्षे चालले. पीकपालट नाही, ताग-धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिके नाहीत, शेतातून पाणी बाहेर काढायची चर बुजून गेलेली. भारी जमिनीत पाणी खाली लवकर मुरत नाही; ते साचत जाते, भूजलाची पातळी मुळांपर्यंत वर येते, उन्हाने वरचे पाणी उडते आणि त्यातले क्षार मागे राहतात. पहिली खूण म्हणजे खोडवा फुटताना पडणारे टक्कल. त्यानंतर उन्हाळ्यात सरीच्या बगलेवर पांढरा थर दिसू लागला. आम्ही त्याला खत कमी पडले असे समजून आणखी युरिया टाकला, हे आज सांगायला संकोच वाटतो.

कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात माती दाखवली तेव्हा निदान झाले. तोवर फुले २६५ ही क्षार सोसणारी जात लावून आम्ही काही वर्षे काढली होती. जात चांगलीच आहे, पण सोसणाऱ्या जातीमुळे दुखणे झाकले जाते आणि मालक निर्धास्त होतो, हा आमचा अनुभव.

शेवटी जमिनीखालून सच्छिद्र नळ्यांचा निचरा घातला. साधारण एक मीटरहून थोड्या जास्त खोलीवर, नळीला गाळणीचे कापड गुंडाळून, ठरावीक अंतराने ओळी टाकायच्या, त्या सगळ्या एका मुख्य नळीला जोडायच्या आणि ते पाणी ओढ्यात काढून द्यायचे. काम तंत्राचे आहे, पण अडले ते तंत्रावर नाही. ओढ्यापर्यंत जायला मध्ये दोन शेजाऱ्यांची रानं होती आणि त्यांतील एकाने नळी जाऊ देण्यास दोन वर्षे नकार दिला. त्याचीही चूक नव्हती. त्याच्या रानाला तेव्हा काही झालेले नव्हते. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेऊन गावेच्या गावे एकत्र करून निचऱ्याच्या सामुदायिक योजना राबवल्या, तशी कोणी मध्यस्थी केली असती तर आमची दोन वर्षे वाचली असती.

आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे : झीज खर्चात धरलीच पाहिजे. त्या वीस वर्षांत आमचे टनेज गावात पहिल्या पाचांत होते आणि आम्ही स्वतःला मोठे हुशार समजत होतो. प्रत्यक्षात दर हंगामाला उसाच्या गाडीबरोबर थोडी जमीनही वजनकाट्यावर जात होती आणि तिचे पैसे आम्हाला कोणी दिले नाहीत.

तासगाव_बागायतदार यांचे उत्तर

वरील अनुभव बोलका आहे, परंतु त्यावरून ‘आधी नियम, मग स्पर्धा’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी द्राक्षाकडे पाहावे. आमच्याकडे नियम बाजारानेच आणला.

२०१० च्या हंगामात भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरले जात असे, आणि त्या वेळच्या आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतेच. माल बंदरांत अडकला, दर कोसळले आणि कर्जे थकली. त्यानंतर जी शिस्त आली ती कोणत्याही प्रबोधनाने आली नसती. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीत बागेची नोंदणी, फवारणीची वही, शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल, हे सर्व आता आमच्या अंगवळणी पडले आहे. ज्या रसायनासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, हे आमच्याकडे शाळा सुटलेला पोरगाही सांगू शकतो.

तेव्हा कडक नियमामुळे आम्ही स्पर्धेत मागे पडलो नाही, उलट टिकलो. मात्र हे सांगून मी थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. नियम पाळण्याचा खर्च पूर्णपणे बागायतदारावर आला. दोन वर्षांपूर्वी माझ्या बागेचा अहवाल स्वच्छ असताना एका निर्यातदाराने ‘मणी आकाराला कमी आहे’ असे म्हणत ठरलेल्या दरात ऐन काढणीच्या दिवशी कपात केली. द्राक्ष वेलीवर किती दिवस थांबणार? तपासणीचे पैसे माझे, औषधे निवडून वापरण्याचा जादा खर्च माझा, आणि त्यातून मिळालेली पत मात्र व्यापाऱ्याची. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, आणि तेव्हा कमी अंश राहणारे महागडे औषध घ्यायचे की स्वस्तातले, हा निर्णय रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन बागेत उभे राहून घ्यावा लागतो.

आणखी एक विसंगती आहे. जी बाग निर्यातीला नोंदवलेली नाही, तिचा माल देशातील बाजारात जातो तेव्हा इतक्या काटेकोरपणे कोणी तपासत नाही. म्हणजे परदेशातल्या ग्राहकासाठी आम्ही वही लिहितो आणि आपल्या माणसांसाठी लिहीत नाही. आपल्या टिपणात याचा उल्लेख यावा असे मला वाटते, जरी यामुळे माझ्याच गावातील काही जण रागावतील.

जाता जाता, क्षारांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो : आमच्या बागा डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम बांधतात) गेल्या त्यामागे पाण्याच्या टंचाईइतकेच क्षारांचेही कारण होते. खालचा खुंट बदलून आम्हीही वरच्या दुखण्यावर पांघरूणच घातले आहे.

निवृत्त_कृषी_अधिकारी यांचे उत्तर

आपण ‘धोरणात कोणती वाट आहे’ असे विचारले आहे, त्यापुरते लिहितो. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर, ठरतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि २०२५-२६ साठी ३५५ रुपये दर केंद्राने जाहीर केला. उतारा वाढला तर दर वाढतो. त्या सूत्रात पाणी नाही, जमीन नाही, खताचा वापर नाही. शिवाय कायद्याने हमी असलेला, चौदा दिवसांत देणे बंधनकारक असलेला दर इतर कोणत्या पिकाला आहे? सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक शेतकऱ्यांनी त्याहून पुष्कळ कमी दराने माल विकला. कसबे डिग्रजच्याच ‘फुले संगम’सारखी चांगली जात हाताशी असताना शेतकरी उसानंतर सोयाबीनची पालट का करत नाही, याचे उत्तर येथे आहे. तो अडाणी नाही; त्याच्यापुढे ठेवलेल्या दरांना तो चोख प्रतिसाद देत आहे.

खताचेही तसेच. पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा स्फुरद आणि पालाश त्यात गेले, युरिया मात्र बाहेर राहिला. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि ५० किलोची डीएपीची (मुख्यतः स्फुरद देणाऱ्या खताची) गोणी १,३५० रुपयांना. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे, पण गोण्यांच्या किमती शेतकऱ्याला वेगळीच शिफारस करतात. वर ‘काळं_रान’ यांनी टक्कल पडलेल्या खोडव्याला आणखी युरिया टाकल्याचे लिहिले आहे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. स्वस्त औषध आधी घेतले जाते.

म्हणून खतावर एकदम बंदी घाला, असे मात्र कोणी टिपणात लिहू नये. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात बंद केली. भाताचे उत्पादन घसरले, चहालाही फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. युरोपीय संघाने २०२० मध्ये कीटकनाशकांचा वापर व धोका २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठीचा कायद्याचा प्रस्ताव शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मागे घेतला गेला. दोन्हीकडे उद्दिष्ट खोटे नव्हते. बदलाच्या काळातील तोटा कोण भरून देणार, हे ठरवण्याआधी तारीख ठरवली गेली, ही चूक होती. त्याच युरोपात थेट अनुदानाचा किमान एक चतुर्थांश भाग पर्यावरणपूरक कामांसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था २०२३ पासूनच्या धोरणात आहे, आणि आपल्याला शिकायचेच असेल तर ते येथून शिकता येईल.

आता आपल्या बैठकीतील पहिल्या तटाला आवडेल असा मुद्दा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील न्यायमंडळाने भारताचे उसाला असलेले आधार विहित १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा निर्णय दिला. भारताने अपील केले असून अपील ऐकणारे मंडळच २०१९ पासून ठप्प असल्याने विषय तेथेच थांबला आहे. पण दर वाढवून उसाला आणखी आधार देत जाण्याच्या मार्गावर हा दगड आहे, हे लक्षात ठेवावे. याउलट, पर्यावरण कार्यक्रमाखाली शेतकऱ्याला दिलेल्या रकमेला त्याच कृषी करारात मर्यादा नाही. अट एवढीच की, ती रक्कम नियम पाळताना येणाऱ्या जादा खर्चाइतकी किंवा बुडालेल्या उत्पन्नाइतकीच असावी. निचऱ्याच्या नळ्या, शेततळे, उसानंतर एक हंगाम घेतलेल्या धैंच्यामुळे किंवा द्विदल पिकामुळे कमी पडलेले उत्पन्न, हे सर्व या व्याख्येत बसवता येते. म्हणजे जमीन टिकवण्यासाठी दिलेला रुपया व्यापाराच्या भांडणात सुरक्षित आहे. टनावर दिलेला रुपया नाही.

आणि ब्राझीलविषयी. तेथील बहुतेक ऊस पावसावर येतो आणि कारखाने बाजार पाहून साखर किंवा इथेनॉलकडे वळतात. आपण उपशाच्या पाण्यावर ऊस पिकवतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत निर्बंध आले, तसे निर्णय सोसतो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची अनेक वर्षे तेथेच राहिली, उसाचा दर मात्र वाढत गेला. या परिस्थितीत शेतकऱ्याने एकरी पाच टन वाढवून ब्राझीलशी स्पर्धा करावी, असे म्हणणे म्हणजे बैल थकला म्हणून आसूड बदलण्यासारखे आहे.

आटपाडीची_लेक यांचे उत्तर

सर्वांचे लिखाण वाचले. आपण सारे ज्या पाण्याविषयी बोलत आहात, ते पाणी आमच्याकडे फार उशिरा आले. म्हणून एक प्रश्न विचारते : स्पर्धाक्षमता कोणाची?

टेंभू योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून अनेक टप्प्यांनी आमच्या तालुक्यापर्यंत चढवले जाते. त्याच्या विजेच्या खर्चातील ८१ टक्के वाटा शासन आणि १९ टक्के वाटा लाभधारक शेतकरी उचलतात. ही सवलत दुष्काळी भागाला जगवण्यासाठी आहे आणि ती हवीच. परंतु एवढ्या विजेवर चढवलेले पाणी आल्यावर आमच्याकडेही काहींनी पहिले काय लावले, तर ऊस. डाळिंबाने तेल्या आणि मर रोगांमुळे दगा दिला, हे त्याचे एक कारण. आणि वर साहेबांनी सांगितलेला हमीचा दर, हे दुसरे. खाली नदीकाठी जास्त पाण्याने जमीन मरते आणि वर आमच्याकडे तेच पाणी विजेवर चढवून तेच पीक घ्यायचे, तर वाळव्यातील आजचे दुखणे आटपाडीत वीस वर्षांनी येईल.

महाराष्ट्रातील लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, हा कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांतला आकडा नेहमी सांगितला जातो. त्यावर वाद घालणारेही आहेत. मला आकड्यापेक्षा वाटणीचे सूत्र महत्त्वाचे वाटते. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात आमच्या भागात जी पाणी चळवळ उभी राहिली, तिने पाणी क्षेत्राच्या नव्हे तर कुटुंबाच्या हिशेबाने, समन्यायाने वाटावे, अशी मागणी केली होती. ही मागणी मान्य केली की शाश्वततेचा निम्मा प्रश्न सुटतो, कारण ठरावीक पाणी वाट्याला आल्यावर त्यात कोणते पीक जास्त पैसे देईल हे प्रत्येक जण आपोआप मोजू लागतो. तेव्हा टन प्रति एकर हा शब्दच मागे पडून रुपये प्रति घनमीटर हा शब्द पुढे येतो. २००५ च्या राज्याच्या कायद्यात पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद आहेच. नवीन काही मागायचीही गरज नाही.

काळं_रान दादांना एक विचारायचे आहे : निचऱ्याच्या नळीतून ओढ्याला सोडलेले खारे पाणी पुढे कोठे जाते?

कोरेगाव_घेवडा यांचे उत्तर

शेजारच्या सातारा जिल्ह्यातून एक छोटी नोंद. आमच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, सत्तर दिवसांच्या आसपास पीक हाती येते, पावसाच्या पाण्यावर येते, द्विदल असल्याने रानालाही चांगले. तरी माझ्याच भावकीत घेवड्याच्या रानात सोयाबीन आले, आणि विहिरीला पाणी लागले तेथे ऊस. मानांकनाचे प्रमाणपत्र चौकटीत लावता येते. खरेदीची हमी लागते ती मार्केट यार्डात. एवढेच.

काळं_रान (मिरज तालुका)

ताई, आपला प्रश्न मला आवडला नाही, याचा अर्थ तो बरोबर आहे. ते पाणी ओढ्यातून कृष्णेत जाते. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी असते तेव्हा जाणवत नाही, पण उन्हाळ्यात खालच्या गावांच्या उपशात त्यातील काही अंश परत येत असणारच. निचऱ्याचा आराखडा एका शेताचा किंवा एका गावाचाही करून चालणार नाही. तो ओढ्याच्या संपूर्ण पाणलोटाचा करावा लागेल, आणि मुळात पाणी कमी दिले तरच नळीतून बाहेर पडणारे क्षार कमी होतील. आमच्या बाबतीत आम्ही आधी नळ्या घातल्या आणि पाणी कमी करण्याचा विचार नंतर केला.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्याचा पहिला परिच्छेद आता लिहून झाला आहे. त्यात ‘टिकाऊ की किफायतशीर’ असा प्रश्न ठेवलाच नाही. त्याऐवजी असे लिहिले आहे की, उसाचा दर, पाण्याची पट्टी आणि खताची किंमत या तिन्ही ठिकाणी जमीन आणि पाणी फुकट धरले आहेत, म्हणून आज स्वस्त दिसणारा ऊस खरोखर स्वस्त नाही; आणि हा फरक भरून काढण्याचा बोजा बदलाच्या तीन-चार वर्षांत एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. मागण्यांत पाणी मोजून देणे, पाळी लांबणाऱ्या भागात ठिबकबरोबरच सामायिक शेततळ्याला अनुदान, ओढ्यानिहाय निचरा योजना आणि ऊस-खोडव्यानंतर द्विदल पीक घेणाऱ्याला त्या हंगामाची भरपाई, एवढेच ठेवले आहे. पीककर्जाच्या प्रकरणाला माती परीक्षणाचा अहवाल जोडावा, ही सूचना आमच्या सोसायटीपुरती आम्हीच ठराव करून अमलात आणू शकतो, त्यासाठी कोणाकडे जायला नको. अर्थात, अहवाल वाईट आला म्हणून कर्ज नाकारायचे, असे व्हायला नको. तशा जमिनीला निचऱ्यासाठी मध्यम मुदतीचे कर्ज द्यावे, असे ठरावात लिहिणार आहे.

एका गोष्टीवर मात्र आमच्या बैठकीत एकमत होणार नाही हे मला आताच दिसते. पाणी मोजून द्यायचे म्हटल्यावर मीटर कोणाच्या पंपाला आधी बसवायचा?

निवृत्त_कृषी_अधिकारी

संचालकांच्या. आणि त्याचा आकडा दर महिन्याला सोसायटीच्या फलकावर लावा. मी नोकरीत असताना शेततळ्याचा कार्यक्रम एका गावात तीन वर्षे रखडला होता. सरपंचांनी आपल्या रानात पहिले तळे खोदले, त्या उन्हाळ्यात अकरा अर्ज आले.

तासगाव_बागायतदार

टिपणात देशातील बाजारासाठीच्या तपासणीचा मुद्दा दिसत नाही. ऊस म्हटले की तेवढाच विषय होतो, हे समजतो. तरी शक्य असल्यास एक ओळ घालावी. रागावणाऱ्यांना माझे नाव सांगावे.